जाड पायांचे अक्षर : क्लॅरेंडन आणि त्याची भावंडे

सोनीच्या टी.व्ही.वर कोरलेले नाव, होंडाच्या गाडीवरचे नाव आणि जुन्या ऑफिसातल्या टाईपरायटरने उमटवलेले अक्षर, ही तीन डोळ्यांसमोर आणली म्हणजे आज कोणत्या अक्षराविषयी लिहीत आहे ते वाचकांना लगेच कळेल. इंग्रजी अक्षराच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या रेघा असतात त्यांना छापखान्यात सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाईपात ही रेघ बारीक आणि निमुळती असते. पण अक्षरांच्या एका घराण्यात ती दांड्याइतकीच जाड असते, जणू प्रत्येक अक्षर पाटावर उभे केले आहे. या घराण्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. त्यातला सर्वांत गुणी मुलगा म्हणजे क्लॅरेंडन.

टाईपाचे कसले परीक्षण करायचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कार्यक्रमपत्रिका, शोकसंदेश, सहलीच्या सूचना, दवाखान्याच्या वेळा हे सारे हल्ली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाड टाईपात छापलेले हाती येते. विचारले तर उत्तर मिळते, “वडीलमंडळींना नीट दिसावे म्हणून.” हेतू चांगला आहे. परिणाम उलटा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड अक्षर कशासाठी जन्मले आणि कुठे उपयोगी पडले हे पाहिले, तर ते का होते हेही कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे लंडन. तोपर्यंत टाईप म्हणजे पुस्तकाचा टाईप, हातात धरून वाचायचा. मग भिंतींवर जाहिराती आल्या : नाटकांच्या, घोडागाड्यांच्या वेळांच्या, लिलावांच्या, सरकारी लॉटरीच्या. ही सरकारी लॉटरी १८२६ मध्ये बंद झाली, पण तोवर तिने छापखान्यांना ओरडायला शिकवले होते. रस्त्यावरून चाललेल्या माणसाने थांबावे तर अक्षर मोठे हवे, काळे हवे. पहिला उपाय म्हणून पुस्तकी अक्षरालाच फुगवले गेले. त्याची जाड रेघ पोटासारखी फुगली आणि बारीक रेघ केसासारखी राहिली. लांबून ती केसासारखी रेघ दिसेनाशी होई आणि अक्षराचे तुकडे पडल्यासारखे वाटे. यावर व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या टाईप ओतणाऱ्याने १८१५ ते १८१७ च्या सुमारास नवा टाईप दाखवला. त्यात सर्व रेघा जवळजवळ सारख्या जाड आणि पायही तितकेच जाड होते. त्याने त्याला ‘अँटीक’ म्हटले. दुसऱ्या कारखानदारांनी या जातीला ‘इजिप्शियन’ हे नाव दिले.

म्हणजे मिसरी! आपल्या वाचकांना हे नाव ऐकून हसू येईल. मिसर देशाच्या लिपीशी या अक्षराचा काडीचाही संबंध नाही. नेपोलियन १७९८ मध्ये फौज घेऊन मिसरला गेला आणि तेव्हापासून युरोपात मिसरचे वेड पसरले. खुर्च्या मिसरी, दिवे मिसरी, तसा टाईपही मिसरी. हे नाव इतके चिकटले की विसाव्या शतकातल्या नव्या स्लॅब टाईपांनाही मेम्फिस, कर्णाक, कैरो अशी नावे मिळाली. तरी नावात एक गंमत आहे. हे अक्षर खरोखरच बांधकामाच्या दगडांसारखे दिसते.

हा टाईप समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला तेव्हा आणखी मोठा झाला. शिशाचे खूप मोठे खिळे ओतणे कठीण असते. ते जड होतात, महाग पडतात, आणि थंड होताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडात अक्षरे कोरण्याचे यंत्र वापरात आणले. मग हवे तेवढे मोठे अक्षर लाकडात होऊ लागले, आणि सर्कशीचे, नाटकाचे, फरारी गुन्हेगाराला पकडण्याच्या बक्षिसाचे कागद त्यातून छापले गेले. पुढे त्यातच ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ नावाचा प्रकार निघाला. त्यात अक्षर उंच आणि अरुंद, पण डोके आणि पाय दांड्यापेक्षाही जाड. मेट्रो किंवा इरॉसला घोडेस्वारांचे इंग्रजी सिनेमे पाहिलेल्यांना तो आठवेल. मला तो टाईप तमाशाच्या ढोलकीसारखा वाटतो. पाच मिनिटे मजा येते, रात्रभर नको.

या सगळ्या आरडाओरडीत क्लॅरेंडन निराळा आहे. तो १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फौंड्रीत तयार झाला. मालक रॉबर्ट बेस्ली, अक्षरे कोरणारा बेंजामिन फॉक्स. (बेस्ली पुढे १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. खिळे ओतणारा माणूस इतका वर चढल्याचे वाचून बरे वाटते.) १८४२ च्या कायद्याखाली नव्या नक्षीला तीन वर्षांचे संरक्षण मिळे, ते त्याने या टाईपासाठी घेतले. तीन वर्षे संपताच बाकीच्यांनी नकला केल्या. क्लॅरेंडनच्या यशाची याहून मोठी पावती नाही.

यात नवे काय होते? एक म्हणजे जाड पाय दांड्याला काटकोनात ठोकलेले नाहीत. दोन्हीच्या मध्ये छोटीशी कमान आहे, पातेल्याच्या कडेला जसा गोलवा असतो तसा. त्यामुळे डोळा अडखळत नाही. दुसरे, जाड आणि बारीक रेघांत फरक ठेवला, पण बेताचा. बारीक रेघ इतकी बारीक नाही की कागदावर तुटावी. तिसरे, ‘सी’, ‘आर’, ‘वाय’ या लहान अक्षरांच्या टोकांना शाईच्या थेंबासारखे गोल गोळे आहेत, आणि मोठ्या ‘आर’चा पुढचा पाय शेवटी वर वळतो, जोड्याच्या चोचीसारखा. या वळणांमुळे एवढा धट्टाकट्टा टाईपही हसतमुख वाटतो. फिगिन्सचा अँटीक पहारेकरी होता. क्लॅरेंडन आवाज मोठा असलेला, पण घरात येऊन चहा घेणारा शेजारी आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. क्लॅरेंडन केवळ भिंतीसाठी केलेला नव्हता. साध्या टाईपाच्या ओळीत मध्येच एखादा शब्द उठून दिसावा, पण ओळीची उंची बिघडू नये, यासाठी तो लहान आकारातही ओतला गेला. त्याआधी एखादा शब्द दाखवायचा तर तो तिरप्या अक्षरात किंवा जुन्या काळ्या गॉथिक अक्षरात घालीत. आज ‘बोल्ड’ म्हणून जो प्रकार आपण संगणकावर एका बटणाने करतो, त्याची सुरुवात इथे झाली. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. त्यात प्रत्येक मूळ शब्द क्लॅरेंडनमध्ये आहे आणि अर्थ साध्या टाईपात. कोश उघडून पाहा. डोळा काळ्या शब्दांवरून पायऱ्या उतरावा तसा खाली जातो, हवा तो शब्द सापडतो, आणि मग साध्या टाईपात शांतपणे वाचत बसतो. काळ्या अक्षराने रस्ता दाखवला आणि बाजूला झाले. सगळा कोश क्लॅरेंडनमध्ये छापला असता तर त्यात कोणालाही काही सापडले नसते.

आता डोळ्यांची गोष्ट, कारण आपल्या वाचकांचा प्रश्न तोच आहे. अमेरिकेत विसाव्या शतकात वर्तमानपत्रांची तक्रार होती की वेगाने फिरणाऱ्या यंत्रांवर आणि स्वस्त कागदावर बारीक रेघा तुटतात आणि अक्षरांची पोटे शाईने भरतात. लायनोटाईप कंपनीच्या चॉन्सी ग्रिफिथने १९२५ मध्ये ‘आयोनिक नंबर ५’ हा टाईप काढला आणि तो वर्तमानपत्रांत झपाट्याने पसरला. हा आयोनिक क्लॅरेंडनच्याच रक्ताचा. पण ग्रिफिथने त्याच्याकडून काय घेतले ते पाहा. मजबूत पाय घेतले, न तुटणारी बारीक रेघ घेतली, आणि ‘ए’, ‘ई’, ‘ओ’ यांची पोटे मोठी, मोकळी ठेवली. जाडपणा घेतला नाही. लहान अक्षर वाचवते ते त्याच्या पोटातले पांढरे.

म्हाताऱ्या डोळ्यांचेही असेच असते. मोतीबिंदू होऊ लागला, भिंग धुरकट झाले, की काळ्या रेघेची कड पसरल्यासारखी दिसते आणि अक्षरातले लहान पांढरे घर बुजते. जाड टाईपात ते घर आधीच लहान असते. म्हणून बारा पॉइंटच्या जाड अक्षरापेक्षा सोळा पॉइंटचे साधे अक्षर आणि ओळींमध्ये थोडी जास्त जागा हे अधिक सुखाचे पडते. कागदही चकचकीत नको. दिव्याखाली तो आरशासारखा चमकतो आणि मग कोणत्याच टाईपाचा इलाज चालत नाही. दोन मिनिटांचा प्रयोग करून वाचकांनी स्वतःच ठरवावे. माझ्या शब्दावर जाऊ नका.

विसाव्या शतकात स्लॅब टाईपाला दुसरा जन्म मिळाला. जर्मनीत रुडोल्फ वोल्फने १९२९ मध्ये मेम्फिस केला, इंग्लंडच्या मोनोटाईपने १९३४ मध्ये रॉकवेल काढला. यांत कमान नाही, थेंब नाही. ‘ओ’ म्हणजे कंपासने काढलेले वर्तुळ, पाय म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ. रॉकवेलचा सर्वांत जाड प्रकार मला अजिबात आवडत नाही. तो दुकानाच्या पाटीवर शोभतो, पण एखाद्याच्या नावाला लावला की त्या माणसाला गोदामाच्या खोक्यावर छापल्यासारखे होते. उलट, १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फौंड्रीसाठी हर्मान आयडेनबेन्झने क्लॅरेंडनला नीटनेटके करून पुन्हा आणले, ते काम उत्तम झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत रस्त्यावरच्या पाट्यांसाठी बरीच वर्षे क्लॅरेंडनच होता. जंगलातल्या तपकिरी पाटीवर ती पांढरी अक्षरे धाक दाखवत नाहीत, वाट सांगतात. आय.बी.एम.चे नाव घ्या. पॉल रँडने १९५६ मध्ये ते गेऑर्ग ट्रुम्पच्या ‘सिटी’ या चौकोनी स्लॅब टाईपावरून घडवले. तीनच अक्षरे असल्यामुळे ते इतके दणकट असूनही चालते.

टाईपरायटरबद्दलही सांगायला हवे. आपल्यापैकी कितीतरी जणांची नोकरी त्याच्या खडखडाटात गेली. त्याला जाड पाय का असतात? यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, ‘एम’ला जेवढी तेवढीच ‘आय’ला. बिचारा ‘आय’ एका काठीसारखा, त्याच्या दोन्ही बाजूंना भोके पडतील. म्हणून त्याला लांब पाय दिले, म्हणजे जागा भरते. टाईपरायटरचे अक्षर पायांनी स्लॅब पण अंगाने सडपातळ असते, म्हणूनच ऑफिसातली पाच-पाच पानांची टिपणे आपण त्यात वाचू शकलो.

आता आपल्या दोन लिपींकडे येतो. जाडपणाचा खरा त्रास इथे होतो.

लॅटिन अक्षरात उभी रेघ जाड आणि आडवी बारीक. हिब्रू अक्षरात नेमके उलटे. छप्पर आणि तळ जाड, पाय बारीक. लॅटिन अक्षराला लोकांनी थांबून पाहावे म्हणून फ्रेंच क्लॅरेंडनमध्ये डोके आणि पाय जाड करावे लागले. हिब्रूला ते बोरूच्या काळापासून अंगभूत आहे. त्यामुळे हिब्रूवर क्लॅरेंडनचा पोशाख चढवायला गेले की अक्षर वरखाली जड होते आणि मधोमध कोंडते. लायप्झिगचे हझ्झान रफाएल फ्रँक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर जो टाईप केला, ज्याला आपण फ्रँक-र्‍यूल म्हणून ओळखतो, त्यात जाड आणि बारीक यांचा तोल साधलेला आहे. म्हणून इथली पुस्तके आणि वर्तमानपत्रे इतकी वर्षे त्यात वाचली गेली. मथळ्यांसाठी आणि भिंतीवरच्या कागदांसाठी दुसराच टाईप आला, ‘हाईम’. तो यान ले विटने १९२९ च्या सुमारास वॉर्सॉत केला. त्यात बारीक रेघ नाहीच. सगळे चौकोनी, सगळे काळे. हा हिब्रूचा दवंडीवाला. तीन-चार शब्दांच्या मथळ्याला त्याच्यासारखा दुसरा नाही.

पण तोच परिच्छेदभर लावला की काय होते? ‘हे’ आणि ‘हेत’ यांच्यात फरक एका फटीचा. डावा पाय छपराला लागतो की नाही, एवढाच. जाड टाईप ती फट खातो. ‘दालेत’ आणि ‘रेश’ यांच्यात फरक मागच्या कोपऱ्याचा. चौकोनी जाड टाईपात रेशचा गोल खांदाही कोपऱ्यासारखा होऊ पाहतो. ‘सामेख’ आणि शब्दाच्या शेवटचा ‘मेम’ तर जुळ्या भावांसारखे दिसतात. ज्यांनी लहानपणापासून हिब्रू वाचले ते शब्दाच्या आकारावरून वाचतात, त्यांना फारसे अडत नाही. आपण उलपानमध्ये चाळिशी-पन्नाशीत अक्षरे लावायला शिकलो. आपल्याला प्रत्येक फट लागते. त्यातून निकुद दिलेला असला तर जाड अक्षराखाली ते टिंब दिसतसुद्धा नाही.

या बाबतीत आपल्याकडे फार जुना पाठ आहे, तो क्लॅरेंडनच्या आधीचा आणि छापखान्याच्याही आधीचा. सेफेर तोरात शेमाच्या ओळीत दोनच अक्षरे मोठी लिहितात, पहिल्या शब्दाचे ‘आयिन’ आणि शेवटच्या शब्दाचे ‘दालेत’. एहादचा दालेत चुकून रेश वाचला तर ‘आहेर’ होईल, म्हणजे ‘एक’च्या जागी ‘दुसरा’, असे त्याचे कारण सांगतात. सोफेरने काय केले ते बघा. जिथे चुकण्याची भीती होती तिथलेच अक्षर उचलले, आणि तेसुद्धा जाड न करता मोठे केले, म्हणजे आतली जागाही त्याबरोबर वाढली. बाकीची ओळ जशीच्या तशी ठेवली.

मराठीची अडचण वेगळी. देवनागरीला शिरोरेषा आहे, म्हणजे डोक्यावरचा स्लॅब जन्मापासूनच आहे. त्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. हे सारे त्याच उंचीत बसवायचे, म्हणून एकाच पॉइंटात मराठी अक्षराचे अंग इंग्रजीपेक्षा लहान भरते. त्यात ते जाड केले की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ यांतले फरक शाईत बुडतात. ‘भरणे’ आणि ‘मरणे’ यांत फरक एका गाठीचा आहे. “पैसे भरण्याची शेवटची तारीख” ही ओळ दहा पॉइंटच्या काळ्याकुट्ट टाईपात छापू नये हे सांगायला टाईपाचा जाणकार लागत नाही. ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘त्त्व’ यांसारखी जोडाक्षरे तर नुसते डाग होतात. आणि संगणकावर मूळ जाड टाईप नसताना बटण दाबून साध्या अक्षरालाच जाड करतात, तेव्हा आणखी वाईट होते. यंत्र रेघेला बाहेरून काळे लावते, पोट मोकळे करण्याची अक्कल त्याला नसते. क्लॅरेंडन कोरताना फॉक्सने प्रत्येक अक्षराचे पोट वेगळे मोजले असणार. अक्षर पाहिले की ते कळते.

जाड टाईप नकोच असे माझे म्हणणे नाही. मंडळाच्या हॉलबाहेरची पाटी, सहलीच्या बसवरचा फलक, “आज सभा आहे” हा दारावरचा कागद, यांना तोच हवा. इंग्रजीत करणार असाल तर क्लॅरेंडन घ्या, रॉकवेल नको. हिब्रूत हाईम घ्या, पण चार शब्दांपुरता. मराठीत जाडपणाऐवजी आकार दुप्पट करा आणि मात्रांना वर श्वास घ्यायला जागा ठेवा. दवाखान्याच्या वेळापत्रकात वार आणि तास जाड, बाकी साधे.

शोकसंदेशाबद्दल माझा विशेष आग्रह आहे. हल्ली माणसाचे नाव, गावचे नाव, मुलांची नावे, शिवाच्या वेळा, पत्ता हे सगळे सारख्याच काळ्या चौकटीत सारख्याच काळ्या अक्षरात येते, आणि वाचताना आधी पत्ता दिसतो. गेलेल्याचे नाव तेवढे जाड टाईपात, मोठे, एका ओळीत एकटे असू द्यावे. त्याखाली मोकळी ओळ सोडावी. मग शिवा कुठे आणि किती वाजता, ते साध्या टाईपात, सोळा पॉइंटात.